यांत्रिक हाताच्या चालकाची नजर कुठे असते? ‘प्युपिल कोअर’ या नजरमापकाचे परीक्षण

अवकाशात काम करणाऱ्या यांत्रिक हाताचा चालक आपल्या यंत्राला सहसा थेट पाहत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००१ साली बसवलेला ‘कॅनडार्म-२’ हा हात १७.६ मीटर लांब आहे, त्याला सात सांधे आहेत आणि तो चालवणाऱ्या अंतराळवीरासमोर तीन व्हिडिओ मॉनिटर असतात. डाव्या हातातल्या नियंत्रकाने टोक पुढे-मागे, वर-खाली सरकवायचे, उजव्या हातातल्या नियंत्रकाने ते वळवायचे आणि हे चालू असताना कोणत्या मॉनिटरवर कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र हवे, याकडेही लक्ष ठेवायचे, असे ते काम असते. कॅमेरे अनेक, मॉनिटर तीन आणि नजर एकच. अशा चालकाला परिस्थितीचे भान किती आहे, हे बाहेरून कसे मोजायचे, हा प्रश्न प्रशिक्षण देणाऱ्यांना आणि पडद्यांची रचना करणाऱ्यांना सतत पडतो. बर्लिनच्या प्युपिल लॅब्स या कंपनीचा ‘प्युपिल कोअर’ हा डोक्यावर घालायचा नजरमापक या प्रश्नासाठी कितपत उपयोगी पडतो, एवढ्याच अंगाने हे परीक्षण लिहीत आहे. दुकानातल्या फडताळांपासून खेळाच्या मैदानापर्यंत त्याचे इतर अनेक उपयोग होतात. त्यांत मी शिरणार नाही.

माझे मत आधीच सांगते. सिम्युलेटरवरच्या प्रशिक्षणासाठी आणि पडद्यांची मांडणी सुधारण्याच्या अभ्यासासाठी हे उपकरण घेण्याजोगे आहे. ‘चालकाचे भान इतके टक्के’ असा आकडा ज्यांना हवा आहे, त्यांनी मात्र ते घेऊ नये. तो आकडा या उपकरणातून निघत नाही आणि दुसऱ्या कोणत्याही नजरमापकातूनही निघेल असे मला वाटत नाही.

याचे कारण भान या कल्पनेतच आहे. संशोधक मायका एन्डस्ली यांनी १९९५ मध्ये केलेली या कल्पनेची मांडणी या क्षेत्रात प्रमाण मानली जाते. तिच्यात तीन पायऱ्या आहेत: भोवतालच्या गोष्टी टिपणे, त्यांचा अर्थ लावणे आणि त्या पुढे कुठे जाणार याचा अंदाज बांधणे. यांत्रिक हाताच्या बाबतीत बोलायचे तर, हाताचे कोपर स्थानकाच्या खांबाजवळ आले आहे हे दिसणे ही पहिली पायरी. आपण आत्ता देत असलेल्या वळणाने ते आणखी जवळ जाणार आहे हे कळणे ही दुसरी. आणि याच गतीने गेलो तर धडक केव्हा बसेल याची अटकळ असणे ही तिसरी. हे भान मोजण्याची एन्डस्ली यांचीच एक रूढ रीत आहे, जिला ‘सॅगॅट’ म्हणतात. चालू सिम्युलेशन अचानक थांबवायचे, पडदे कोरे करायचे आणि चालकाला विचारायचे की कोपर कुठे होते, कोणता सांधा मर्यादेच्या जवळ होता, पुढच्या क्षणी काय होणार होते. रीत उत्तम आहे, पण प्रत्येक थांब्याने कामाची लय मोडते आणि खऱ्या मोहिमेत तर पडदे कोरे करण्याची सोयच नसते. काम संपल्यावर प्रश्नावली भरून घेण्याचा दुसरा मार्ग सोपा असला तरी फसवा आहे, कारण चालकाच्या लक्षातून जे निसटले, ते निसटल्याचेही त्याला ठाऊक नसते. काम न थांबवता सलग नोंद देणारा नजरमापक म्हणूनच इतका हवाहवासा वाटतो.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे येते. प्युपिल कोअर म्हणजे काचा नसलेल्या चष्म्याची चौकट. वजन जेमतेम २३ ग्रॅम. दोन्ही डोळ्यांच्या खाली लहान दांड्यांवर एकेक अवरक्त कॅमेरा असतो आणि कपाळाच्या उंचीवर समोरचे दृश्य टिपणारा तिसरा कॅमेरा. डोळ्यांचे कॅमेरे सेकंदाला २०० चित्रे घेऊ शकतात. समोरचा कॅमेरा पूर्ण १०८० ओळींचे चित्र घेताना सेकंदाला ३० आणि चित्राचा दर्जा उतरवला तर त्याहून जास्त. अवरक्त प्रकाशात डोळ्याची बाहुली काळ्या ठिपक्यासारखी उठून दिसते, सॉफ्टवेअर तिच्याभोवती लंबवर्तुळ बसवते आणि त्या लंबवर्तुळाच्या आकारावरून व जागेवरून नजरेची दिशा काढते. कंपनीने जाहीर केलेली अचूकता ०.६० अंश आहे. मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर याचा अर्थ पडद्यावर सहा मिलिमीटरच्या आसपासची चूक. चालक कोणत्या मॉनिटरकडे, मॉनिटरच्या कोणत्या भागाकडे पाहतो आहे, हे सांगायला एवढी अचूकता पुरेशी आहे. सांध्यांच्या कोनांचे आकडे पाच-पाच मिलिमीटरच्या ओळींत दाटीने मांडले असतील, तर त्यांतली कोणती ओळ वाचली गेली हे मात्र तिने कळणार नाही. शिवाय हा आकडा नीट कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरण त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवून घेणे, झाल्यानंतरच्या आदर्श अवस्थेतला आहे. चौकट नाकावरून किंचित घसरली की चूक वाढते, आणि अर्धा तास डोके हलवत काम करणाऱ्या माणसाच्या नाकावरून कोणतीही चौकट थोडी तरी घसरतेच. डोळ्याच्या त्रिमितीय प्रतिमानावर चालणारी पद्धत निवडली तर ही घसरण काही अंशी भरून निघते, तरी कामाच्या दोन टप्प्यांच्या मध्ये कॅलिब्रेशन पुन्हा तपासण्याला पर्याय नाही.

कॅलिब्रेशनबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पुढच्या साऱ्या निष्कर्षांची मदार तिथेच असते. पडद्यावर एकामागून एक पाच ठिकाणी वर्तुळाकार खूण उमटते आणि चालकाने डोके स्थिर ठेवून तिच्याकडे पाहायचे असते. शेजारच्या खिडकीत दोन्ही डोळ्यांची जिवंत चित्रे दिसतात. बाहुलीभोवती लाल रेघ गच्च बसलेली असावी आणि तिच्यासोबत येणारा विश्वासार्हतेचा आकडा एकच्या जवळ असावा. चालकाने नजर खाली, हातातल्या नियंत्रकाकडे वळवली की वरची पापणी उतरते, पापण्यांचे केस बाहुलीवर येतात, लाल रेघ थरथरते आणि तो आकडा झपकन खाली येतो. डोळ्यांचा कॅमेरा थोडा खाली सरकवून, दांडी किंचित बाहेर ओढून हे बरेच सुधारता येते, आणि तसे ते प्रत्येक माणसासाठी वेगळे करावे लागते, कारण खोल डोळ्यांना जी जागा चालते ती उठावदार डोळ्यांना चालत नाही. घाईत हा टप्पा उरकणाऱ्या प्रयोगशाळेच्या नोंदींत ‘चालकाने खाली पाहिलेच नाही’ असा निष्कर्ष निघू शकतो, जेव्हा खरे तर खालची नजर उपकरणाला दिसलेलीच नसते. म्हणून विश्वासार्हतेचा आकडा कमी असलेले क्षण ‘नजर अन्यत्र’ या रकान्यात न टाकता ‘माहिती नाही’ अशा वेगळ्या रकान्यात ठेवावेत, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

तीन मॉनिटरांपैकी नजर कोणत्या मॉनिटरवर आहे, हे ओळखायला उपकरणाला मॉनिटरांच्या कडा कळाव्या लागतात. त्यासाठी ‘एप्रिलटॅग’ नावाच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणा मॉनिटरांच्या कोपऱ्यांवर लावतात. समोरचा कॅमेरा त्या ओळखतो आणि डोके कसेही वळले तरी नजरेचा बिंदू त्या-त्या मॉनिटरच्या पृष्ठभागावर बसवतो. सोय फार चांगली आहे. नियंत्रणकक्षात प्रकाश मंद ठेवलेला असेल तर कागदावर छापलेल्या खुणा कॅमेऱ्याला धड दिसत नाहीत, तेव्हा त्या मॉनिटरच्याच कोपऱ्यात पडद्यावर उमटवणे बरे. चालक झटकन मान वळवतो तेव्हा चित्र पुसट होते आणि तेवढ्या काही क्षणांपुरता पृष्ठभाग हरवतो, हेही गृहीत धरावे.

नजर एका जागी स्थिरावण्याची नोंद सॉफ्टवेअर आपोआप करते, पण किती अंशांच्या आत आणि किती काळ टिकलेल्या नजरेला स्थिर म्हणायचे, हे आपण ठरवायचे असते. या दोन मर्यादा सिम्युलेटरच्या कामाला साजेशा आहेत का, हे तपासून न घेता निष्कर्ष काढणारे अहवाल मी वाचले आहेत. यांत्रिक हात सावकाश सरकतो; चालक एखाद्या फटीकडे सलग कितीतरी वेळ टक लावून पाहतो. कमाल कालमर्यादा कमी ठेवलेली असेल, तर ती एकच लांब नजर अनेक तुकड्यांत मोजली जाते आणि चालक अस्वस्थपणे पुनःपुन्हा पाहतो आहे असा भास होतो.

आता मूळ प्रश्न. नजरेच्या या नोंदींतून भान कळते का? मी वापरते ती मांडणी साधी आहे: तीन मॉनिटर, दोन जॉयस्टिक, सात सांध्यांच्या हाताचे संगणकीय प्रतिमान आणि आज्ञा व चित्र यांच्यामध्ये हवा तेवढा विलंब घालण्याची सोय. नवशिक्या चालकाच्या नोंदी पुन्हा पाहताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. हाताचे टोक पकडखुंटीच्या, म्हणजे वस्तू जिथे पकडायची त्या खुंटीच्या, जवळ येऊ लागले की नजर टोकावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात, तिथल्या फुलीवर खिळते. टोक मधोमध येते आहे, कोन जुळतो आहे, आणि त्याच वेळी डाव्या मॉनिटरवर कोपर हळूहळू खांबाकडे झुकते आहे. त्या मॉनिटरवर नजरेचा बिंदू कितीतरी वेळ फिरकतही नाही. सरावलेले चालक टोक हलवण्याआधीच कोपराकडे पाहून घेतात आणि मग मध्येमध्ये तिकडे एक छोटी झेप टाकून परत येतात. गाडी चालवणाऱ्याने आरशात पाहावे तशी. हा फरक तोंडी सांगून शिकाऱ्याला पटत नाही. त्याच्याच नजरेचा ठिपका त्याच्याच चित्रफितीवर त्याला दाखवला की एका बैठकीत पटतो. या एका उपयोगासाठीही हे उपकरण मला मोलाचे वाटते.

पण याच नोंदी ‘सॅगॅट’च्या प्रश्नांशेजारी ठेवल्या की चित्र गुंतागुंतीचे होते. कोपराकडे बराच वेळ न पाहिलेला एखादा चालक, पडदे कोरे केल्यावर, कोपर खांबापासून किती दूर आहे हे बिनचूक सांगतो, कारण हालचाल सुरू करण्यापूर्वी त्याने सांध्याचा कोन मनात टिपून घेतलेला असतो आणि पुढचे तो डोक्यात चालवत असतो. दुसरा चालक त्या मॉनिटरकडे वारंवार पाहतो आणि तरी अंतर चुकीचे सांगतो, कारण तो कॅमेरा उलट बाजूने पाहतो आहे हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. एमआयटीच्या मॅन-व्हेइकल प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतही असे दिसले आहे की, दुसऱ्या ठिकाणाहून तीच वस्तू कशी दिसेल याची कल्पना ज्यांना चटकन करता येते, त्यांना यांत्रिक हात चालवणे अधिक चांगले जमते. ही क्षमता डोळ्यांच्या हालचालीत थेट उमटत नाही. थोडक्यात, एन्डस्ली यांच्या पहिल्या पायरीबद्दल नजरमापक बऱ्यापैकी साक्ष देतो, दुसरीबद्दल अंधुक, आणि तिसरीबद्दल केवळ अप्रत्यक्ष.

पाहूनही न दिसण्याचा सर्वांत लख्ख पुरावा अवकाशापासून दूरच्या क्षेत्रातून येतो. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वोल्फ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टांपुढे नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र घातले होते. त्यांपैकी २० जणांना ते दिसले नाही, आणि नजरमापकाच्या नोंदींनुसार त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्या जागेवर पडून गेली होती. यांत्रिक हात चालवणाऱ्याच्या अहवालात ‘धोक्याच्या जागेवर नजर स्थिरावली होती’ असे वाक्य वाचताना हा प्रयोग डोळ्यांपुढे ठेवावा.

आणि २५ जून १९९७ ची घटनाही ठेवावी. त्या दिवशी रशियाच्या मीर अवकाश स्थानकावरून वासिली त्सिब्लियेव हे ‘प्रोग्रेस एम-३४’ हे मालवाहू यान दूरनियंत्रणाने जोडण्याचा प्रयत्न करत होते. अंतर आणि वेग सांगणारी स्वयंचलित रडार यंत्रणा चाचणीच्या आखणीनुसार बंद होती. त्यांच्यापुढे यानावरच्या कॅमेऱ्याचे चित्र होते, ज्यात पृथ्वीवरच्या ढगांच्या पार्श्वभूमीवर मीरचा आकार नीट उठून दिसत नव्हता. सहकारी खिडक्यांतून यान शोधत होते आणि ते दिसले तेव्हा फार उशीर झाला होता. यान ‘स्पेक्त्र’ कक्षावर आदळले आणि कक्षाची हवा गळू लागली. त्सिब्लियेव यांच्या डोक्यावर त्या दिवशी उत्तम नजरमापक असता, तर त्याने काय नोंदवले असते? बहुधा हेच, की चालकाची नजर जिथे असायला हवी तिथेच, पडद्यावर, खिळलेली होती. भान हरपले ते पडद्यात माहितीच नव्हती म्हणून. ज्या कामात पडद्यावरची माहितीच अपुरी आहे, तिथे नजरेच्या नोंदी चालकावर ठपका ठेवण्यासाठी वापरणे अन्यायाचे ठरते, आणि या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण अभ्यासावे असे मला मनापासून वाटते.

विलंबाच्या प्रश्नात मात्र हे उपकरण अनपेक्षितपणे चांगले उत्तर देते. १९९३ मध्ये कोलंबिया यानातल्या जर्मनीच्या ‘रोटेक्स’ प्रयोगात जमिनीवरून यांत्रिक हात चालवताना आज्ञा जाऊन चित्र परत यायला पाच ते सात सेकंद लागत. १९९७ मध्ये सोडलेल्या जपानच्या ‘ईटीएस-७’ उपग्रहावरच्या हाताचीही गत अशीच होती. चंद्रावरच्या यंत्रासाठी प्रकाशाचा जाण्या-येण्याचा प्रवासच अडीच सेकंदांहून जास्त घेतो, दळणवळणाच्या साखळीतला वेळ वेगळा. अशा वेळी चालक थोडे हलवतो, थांबतो, चित्र येण्याची वाट पाहतो आणि पुन्हा हलवतो. वाट पाहण्याच्या त्या काही सेकंदांत नजर काय करते, हे नोंदींत फार स्पष्ट दिसते. काहीजण जुन्या चित्राकडे बघत राहतात. काहीजण तेवढ्यात बाकीचे दोन मॉनिटर आणि कोनांचा तक्ता तपासून, नवे चित्र उमटायच्या सुमारास बरोबर परत येतात. पडद्यावर हाताची भाकीत केलेली छाया दाखवली, तर नजर छायेवर जाते की खऱ्या चित्रावर, आणि दोन्हींत तफावत पडली की ती किती वेळाने खऱ्या चित्राकडे वळते, हेही मोजता येते. आज कॅनडार्म-२ आणि त्याचा जोडीदार असलेला ‘डेक्स्टर’ हा दोन हातांचा यंत्रमानव यांचे बरेचसे काम ह्यूस्टन आणि क्वेबेकमधल्या नियंत्रणकक्षांतून, आज्ञांच्या लहान लहान टप्प्यांनी केले जाते. तिथे चालकाचे हात क्वचित हलतात; काम होते ते पाहण्याचे आणि पडताळण्याचे. हातांच्या हालचालींवरून जिथे काहीच कळत नाही, तिथे नजर ही एकमेव सलग खूण उरते.

बाहुलीच्या आकाराबद्दल मी सावध राहीन. मानसिक ताण वाढला की बाहुली विस्फारते हे खरे आहे आणि प्युपिल कोअर तिचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. पण विचारांच्या ताणाने होणारा हा बदल सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला असतो, तर प्रकाशामुळे बाहुली सुमारे दोन ते आठ मिलिमीटरच्या दरम्यान बदलत राहते. अवकाश स्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे बाहेरच्या कॅमेऱ्यांची चित्रे एकदा लखलखीत आणि एकदा काळोखी होतात. चालकाने काळ्या चित्रावरून उजळ चित्राकडे नुसती नजर वळवली तरी बाहुली आकसते. पडद्यांची उजळता क्षणाक्षणाला नोंदवून ती वजा करण्याची तयारी नसेल, तर बाहुलीच्या आलेखावरून कामाच्या ताणाबद्दल काही बोलू नये.

सॉफ्टवेअर हा या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण. नोंद घेणारा ‘प्युपिल कॅप्चर’ आणि नंतर ती पाहण्याचा ‘प्युपिल प्लेअर’ हे दोन्ही खुल्या स्रोताचे आहेत. बाहुली कशी शोधली, नजर कशी काढली, हे सारे वाचता येते आणि बदलताही येते. सिम्युलेटर स्वतः लिहिणाऱ्या प्रयोगशाळेला याचे मोल फार आहे. नजरेचा प्रत्येक नमुना नेटवर्कवरून त्याच क्षणी मिळतो, त्यामुळे तो सांध्यांच्या कोनांच्या, जॉयस्टिकच्या आणि टोकाच्या अंतराच्या नोंदीशेजारी एकाच घड्याळावर मांडता येतो. नजरेची नोंद एकटी फारशी बोलत नाही. कोपर खांबापासून ठरावीक अंतराच्या आत आल्यापासून किती सेकंदांत नजर तिकडे गेली, हा प्रश्न विचारता आला तरच ती उपयोगाची, आणि तो विचारण्यासाठी दोन्ही नोंदींची घड्याळे जुळलेली असावी लागतात. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या महागड्या उपकरणांपेक्षा मी याला झुकते माप देते ते यासाठी.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. चष्मा वापरणाऱ्यांसाठी हे गैरसोयीचे आहे. कॉन्टॅक्ट लेन्स हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग. उपकरण तारेने संगणकाला जोडलेले राहते, म्हणून उठून दुसऱ्या जागी जाणाऱ्या चालकासाठी ते नाही. स्थानकावरच्या कुपोला या खिडक्यांच्या कक्षात बसून हात चालवण्यासारखी परिस्थिती असेल तर दोन अडचणी एकदम येतात. उन्हातल्या अवरक्त किरणांनी डोळ्याचे चित्र फिकटते, आणि जवळच्या मॉनिटरवर केलेले कॅलिब्रेशन खिडकीबाहेरच्या दूरच्या वस्तूसाठी नीट लागू पडत नाही, कारण समोरचा कॅमेरा आणि डोळा एका जागी नसतात. नजर मोजणारी उपकरणे अवकाशात चालतच नाहीत असा याचा अर्थ नाही. जर्मन संशोधकांनी तोल आणि डोळे यांच्या संबंधाच्या अभ्यासासाठी २००४ पासून स्थानकावर असे उपकरण वापरलेले आहे. पण ते त्या कामासाठी खास घडवलेले होते. प्युपिल कोअर जमिनीवरच्या प्रयोगशाळेतच ठेवावा. एकाच मॉनिटरचे काम असेल, तर मॉनिटरखाली बसणारा नजरमापक चालकाला अधिक सुखाचा वाटेल, कारण डोक्यावर काहीच घालावे लागत नाही. तीन मॉनिटर आणि सतत वळणारी मान असेल, तर डोक्यावरचेच उपकरण हवे.

भारतातल्या संस्थांना हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० बरोबर गेलेल्या ‘पोएम-४’ या मंचावर इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या केंद्राने घडवलेला, सात सांध्यांचा, स्वतः पावले टाकत सरकू शकणारा यांत्रिक हात होता, आणि पुढच्या भारतीय अवकाश स्थानकासाठी असे हात लागणारच आहेत. ते चालवणारी माणसे पुढच्या काही वर्षांत तयार करावी लागतील. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या ज्या प्रयोगशाळांत रोबोटिक्सचे विद्यार्थी आधीच सिम्युलेटर लिहितात, तिथे एक प्युपिल कोअर, तीन मॉनिटर आणि विलंब घालणारा एक लहानसा प्रोग्राम एवढ्यावर गंभीर काम सुरू करता येईल. सोबत ‘सॅगॅट’चे प्रश्न तयार करायला मानसशास्त्राचा एखादा जाणकार घ्यावा, त्याच्याशिवाय खरेदी केली तर चित्रे सुंदर मिळतील आणि उत्तरे मिळणार नाहीत.

खरेदीआधी आणखी एक गोष्ट ठरवायला हवी. या उपकरणात नजरेबरोबरच दोन्ही डोळ्यांची आणि समोरच्या दृश्याची चित्रफीत साठते. त्यात चालकाचा थकवा, पेंगुळलेली पापणी, अवघड क्षणी भरकटलेली नजर, सारे काही राहते. शिकाऊ चालकाला आपल्या नोंदी निवडीच्या किंवा बढतीच्या बैठकीत उघडल्या जातील अशी शंका आली, तर तो शिकण्याऐवजी नजर ‘बरोबर’ ठेवण्याचा सराव करील, आणि मग त्या नोंदींना काही किंमत राहणार नाही. म्हणून मूळ चित्रफिती कोणाकडे राहतील, किती काळ राहतील, त्या कोण पाहू शकेल आणि चालकाने सांगितल्यावर पुसल्या जातील की नाही, हे पहिल्या कॅलिब्रेशनच्या आधी लेखी ठरवून त्यावर चालकाची सही घ्यावी, आणि त्या कागदाची एक प्रत त्याच्याजवळ राहू द्यावी.